वाघ्या, पुतळाबाई आणि एक पाटी

वाघ्याबद्दल लिहू नकोस, असं मला घरातल्या तीन माणसांनी तीन वेगळ्या कारणांसाठी सांगितलं आहे. मोठ्या मामांच्या मते त्यात महाराजांचा अपमान होतो. आत्याचं म्हणणं, हा जातीपातीचा विषय झालाय, आपण कशाला मध्ये पडा. आणि धाकट्या चुलतभावाचं म्हणणं असं की एका कुत्र्यावर एवढं लिहिण्यासारखं काय आहे. तिघंही हा ब्लॉग वाचतात, म्हणून आधीच सांगते. मामा, तुमच्याशीच भांडायचं आहे. आत्या, मध्ये पडायचं ठरवलंय. आणि तू रे, शेवटपर्यंत वाच आणि मग बोल.

निमित्त भाचीचं आहे. तिच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषयांच्या यादीत 'वाघ्याची स्वामिनिष्ठा' असा एक विषय होता. भाषण लिहून देण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामटेकडी म्हणून माझी ख्याती आहे. मी नाही म्हटलं. दुसरा कुठलाही विषय लिहून देते म्हटलं. त्यावर फॅमिली ग्रुपवर जे रामायण झालं त्यात मला 'पुरोगामी' ही शिवी मिळाली आणि 'कुत्र्यांचा द्वेष' हा आरोपही. दुसरा आरोप मनाला लागला. आमच्या अंगणात या क्षणी दोन कुत्री झोपलेली आहेत.

तर मूळ गोष्ट. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ एका उंच चौथऱ्यावर कुत्र्याचा पुतळा आहे. कर्जतच्या कुठल्याही शाळेची सहल रायगडावर गेली की मुलं समाधीला नमस्कार करतात आणि मग या कुत्र्याकडे धावतात. मीही धावले होते. सांगणारा सांगतो की ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले, चितेला अग्नी दिला, आणि त्यांच्या लाडक्या वाघ्याने त्या अग्नीत उडी घेतली. मुलांच्या डोळ्यांत पाणी येतं. बाईंच्याही येतं. मग सगळे झुणका-भाकर खायला जातात.

या गोष्टीला समकालीन पुरावा नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बसून बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत. महाराजांना ओळखणाऱ्या माणसाने लिहिलेली ती बखर, आणि तिच्यात हा कुत्रा नाही. जेधे शकावलीत तो नाही. इंग्रजांच्या, पोर्तुगिजांच्या पत्रांतून महाराजांच्या मृत्यूच्या बातम्या गेल्या, त्यांतून कुत्र्याच्या उडीची बातमी कोणी काढून दाखवलेली नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकामुळे वाघ्या मराठी वाचकांच्या घरात शिरला. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. त्यांनी तो स्वतः रचला की आधीपासून लोकांच्या तोंडी असलेला उचलला, यावर अभ्यासकांची भांडणं चालू आहेत, ती त्यांची त्यांना करू द्यावीत. पुतळा मात्र त्यांच्यानंतरचा. तो १९३६ चा.

या मधल्या काळाबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही आणि मला तोच सगळ्यात रंजक वाटतो. समाधीची अवस्था वाईट होती. जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजाने १८८३ साली आपल्या मुंबईवरच्या पुस्तकात लिहिलं की एवढ्या मोठ्या राजाच्या समाधीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि ते वाचून आपल्या लोकांना लाज वाटली. (परक्याने सांगितल्याशिवाय आपल्याला आपलं दिसत नाही ही जुनीच खोड.) १८९५ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगड स्मारकाचा फंड सुरू झाला. लोकांनी आणे-दोन आणे दिले. जीर्णोद्धार व्हायला १९२० चं दशक उजाडलं. म्हणजे तीस वर्षं! आणि मग स्मारक समितीची मंडळी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांकडे गेली आणि कुत्र्याच्या स्मारकाला होळकरांची देणगी मिळाली. पाच हजार रुपये, असा आकडा सांगतात. हे तुकोजीराव म्हणजे तेच, ज्यांना मलबार हिलवरच्या बावला खून प्रकरणानंतर १९२६ साली गादी सोडावी लागली. असंही सांगतात की महाराजांच्या स्मारकाला उघडपणे पैसे दिले तर इंग्रज सरकारचा रोष होईल, म्हणून कुत्र्याच्या नावाने दिले. खरं असेल तर फार गोड युक्ती आहे. खोटं असलं तरी सांगणाऱ्याची कल्पना चांगली आहे.

आता होळकर म्हटल्यावर खंडोबा आलाच. धनगरांचा, होळकरांचा कुलस्वामी. आणि खंडोबाच्या भक्ताला काय म्हणतात? वाघ्या. वाघ्या-मुरळी ठाऊक नाहीत असं मराठी घर नाही. खंडोबाबरोबर घोडा असतो तसा कुत्राही असतो, आणि देवाचे वाघ्ये देवापुढे कुत्र्यासारखे भुंकायचे, कोटंब्यातून खायचे, ही त्यांच्या भक्तीची रीतच होती. देवाचा कुत्रा होणं यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, उलट मान होता. म्हणजे रायगडावरच्या कुत्र्याचं नाव 'मोती' किंवा 'राजा' न ठेवता 'वाघ्या' ठेवलं गेलं, त्या एका नावातच कितीतरी गोष्ट आहे. हे नाव ज्याने दिलं त्याला खंडोबा नक्की माहीत होता. महाराजांचा सेवक तो देवाचा वाघ्या, असा तो धागा असावा. हा माझा अंदाज आहे, पण घरी बसून केलेल्या अंदाजांतला बरा अंदाज आहे.

म्हणूनच मला पुतळा उखडणाऱ्यांचा राग येतो. ऑगस्ट २०११ मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो काढून दरीत टाकला आणि काही दिवसांत तो पुन्हा बसवला गेला. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा फोडून मुठेत टाकला, 'राजसंन्यास'मध्ये संभाजी महाराजांची बदनामी आहे म्हणून. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ३१ मेपर्यंत वाघ्याचा पुतळा हटवण्याची मागणी केली. पत्राने मागणी करणं आणि रात्री पहारीने उखडणं यात फरक आहे, तो मी मानते. पण ३१ मे २०२५ हा दिवस कुठला? अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला त्या दिवशी तीनशे वर्षं झाली. होळकरांनी दिलेल्या पैशातून झालेला पुतळा नेमका त्याच तारखेपर्यंत हलवा म्हटल्यावर धनगर समाजाला काय वाटेल हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. ३१ मे आला आणि गेला, पुतळा होता तिथेच राहिला.

हटवण्याच्या बाजूने जे मुद्दे आहेत त्यांतला एक मला पटतो आणि एक मुळीच पटत नाही. पटतो तो असा की समकालीन पुरावा नसलेली गोष्ट राष्ट्रीय स्मारकात इतिहास म्हणून उभी राहू नये. अगदी बरोबर. न पटणारा मुद्दा असा की महाराजांच्या समाधीजवळ 'कुत्रा' असणं हाच अपमान. मामा, इथे तुम्ही. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत की राजाशेजारी कुत्रं बसवलं. अहो, पांडवांत सगळ्यात धर्मनिष्ठ तो युधिष्ठिर, त्याने कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला नकार दिला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि त्यांना आपण वेद मानतो. तुमच्या देवघरातल्या तसबिरीत ती आहेत, मी लहानपणी मोजली आहेत. कुत्रं ही शिवी आपण कधीपासून करून घेतली?

आणि भोसल्यांच्या घराण्यात कुत्र्याचा मान खरोखरच झालेला आहे. त्याला कथा-नाटकाची गरज नाही. साताऱ्याचे शाहू महाराज, संभाजी महाराजांचे चिरंजीव, यांचा एक लाडका कुत्रा होता, खंड्या. शिकारीत वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवलं म्हणतात. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात या कुत्र्याचे लाड लिहून ठेवले आहेत. पालखीचा मान, जहागिरीची सनद, अंगावर जरीचं वस्त्र, आणि भर दरबारात महाराजांनी स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं! (दरबारातल्या मानकऱ्यांचे चेहरे मला फार बघावेसे वाटतात.) खंड्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे, कृष्णा-वेण्णेच्या काठी. नाव पाहिलंत ना? खंड्या. पुन्हा खंडोबाच.

मराठ्यांच्या छत्रपतीचा लाडका कुत्रा, त्याची समाधी, हे सगळं असं प्रत्यक्ष घडलेलं आहे. फक्त नातवाच्या बाबतीत, साताऱ्याला. ते लोकांच्या तोंडून फिरत फिरत आजोबांकडे, रायगडावर पोचलं असेल का? मला तसं वाटतं. गोष्टींना मोठ्या माणसाकडे सरकत जायची सवय असते. पण आमच्या ग्रुपवर 'वाघ्या खरा' म्हणून ओरडणाऱ्या एकालाही खंड्या माहीत नव्हता, आणि 'कुत्रा म्हणजे अपमान' म्हणणाऱ्या एकालाही नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. एडिंबरोला बॉबी नावाच्या छोट्या कुत्र्याचा पुतळा आहे. मालकाच्या थडग्यापाशी चौदा वर्षं बसला म्हणतात, १८७२ मध्ये मेला, १८७३ मध्ये एका श्रीमंत बाईंनी पुतळा उभारला. यान बोंडेसन नावाच्या अभ्यासकाने २०११ साली मांडलं की एका कुत्र्यानंतर दुसरा आणून बसवला होता, कारण बघायला येणाऱ्यांमुळे आजूबाजूच्या दुकानांचा धंदा होत होता. वेल्समध्ये गेलर्ट नावाच्या कुत्र्याचं थडगं आहे. मालकाच्या बाळाला लांडग्यापासून वाचवलं, मालकाला वाटलं यानेच बाळ मारलं, आणि त्याने कुत्र्याला ठार केलं. ओळखीचं वाटतंय? आपली पंचतंत्रातली ब्राह्मणी आणि मुंगूस! तीच गोष्ट हजारो मैल चालत गेली, मुंगसाचा कुत्रा झाला आणि १७९३ च्या सुमाराला तिथल्या खाणावळीच्या मालकाने गिऱ्हाईक यावं म्हणून थडग्याचे दगड उभे केले. आज तिथले लोक हे सगळं हसत हसत सांगतात. थडगं कोणी उखडलेलं नाही आणि ते खरं आहे असं म्हणून कोणी कोणाचं डोकंही फोडत नाही.

जपानचा हाचिको मात्र खरा. त्याचा मालक, प्राध्यापक उएनो, २१ मे १९२५ ला कामाच्या ठिकाणीच वारला आणि हा कुत्रा मार्च १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला. १९३४ साली, तो जिवंत असतानाच, त्याचा पुतळा झाला. म्हणजे आपल्या वाघ्याच्या दोनच वर्षं आधी. जपानमध्ये तेव्हा सैन्याचा अंमल वाढत चालला होता आणि हाचिको लगेच शाळेच्या नीतिपाठात गेला, बघा, मुक्या जनावराला कळतं ते तुम्हाला कळू नये? मग युद्धात धातू कमी पडला तेव्हा त्याच हाचिकोचा पुतळा वितळवला. आजचा आहे तो १९४८ चा. आणि हाचिकोच्या पोटात यकितोरीच्या काड्या सापडल्या होत्या. स्टेशनवरचे फेरीवाले त्याला भाजलेलं मांस खायला घालत. मला तो त्यामुळे जास्त आवडतो. मालकाची वाट पाहायची आणि वाट पाहता पाहता खायचं. असंच तर करतात कुत्री.

इथे मी भाचीच्या भाषणाकडे येते, कारण माझा खरा विरोध तिथे आहे.

कुत्रं जळत्या आगीत उडी घेत नाही. शेकोटीशी कुत्र्याला बसवून बघा, आग भडकली की दोन पावलं मागे सरतं. कुत्र्याची निष्ठा म्हणजे वाट पाहणं, रात्री उठून भुंकणं, अनोळखी माणसाच्या आणि आपल्या मध्ये उभं राहणं. खालापूरच्या डोंगरांत धनगरवाडे आहेत, तिथली कुत्री बघा. बिबट्याचा वास आला की रात्रभर वाड्याभोवती फिरतात. मालक मेला तर चार दिवस खात नाहीत आणि पाचव्या दिवशी खातात, कारण शेळ्या राखायच्या असतात. ही निष्ठा मला कळते. चितेत उडी मारणारी निष्ठा कुत्र्याची नाही. ती माणसाने, आणि नेमकं सांगायचं तर पुरुषाने, कुत्र्यावर लादलेली आहे. कारण चितेत उडी घेण्याची अपेक्षा आपल्या समाजात आधीपासून कोणाकडून होती, हे सांगायला नको.

आणि रायगडावर ते घडलंही. महाराजांच्या राण्यांपैकी पुतळाबाई २७ जून १६८० ला, आषाढी एकादशीच्या दिवशी, रायगडावर सती गेल्या. महाराजांच्या निधनानंतर पंचाऐंशी दिवसांनी. याची नोंद आहे. हे नाटकात नाही, शकावलीत आहे. मी ग्रुपवर विचारलं, पुतळाबाई कोण? वाघ्यासाठी रडणाऱ्या अकरा माणसांपैकी दोघांना सांगता आलं, त्यातलं एक उत्तर 'पुतळ्याशी काहीतरी संबंध आहे' असं होतं. तो ज्याला चौथरा म्हणतो तो मुळात पुतळाबाईंच्या स्मारकाचाच, असंही काही जण म्हणतात. तो वाद सोडा. मला एवढंच दिसतं की ज्या गडावर एक जिवंत बाई जाळून घेऊन गेली, तिथे आपण कुत्र्यासाठी रडतो. बाईचं काय, ते तिचं कर्तव्यच होतं! कुत्र्याने केलं म्हणून नवल.

दहा वर्षांच्या मुलीने स्टेजवर उभं राहून, मुठी आवळून, मालकाच्या मागे जळून जाणं म्हणजे सर्वश्रेष्ठ निष्ठा असं म्हणावं आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे मला जमणार नाही. तो कुत्रा असला तरी नाही. वहिनी म्हणाली, "अगं, पाच मिनिटांचं भाषण आहे, एवढं काय?" पाच मिनिटांचंच असतं गं. हुंड्यावरचं पाच मिनिटांचं असतं, सावित्रीवरचं पाच मिनिटांचं असतं. घोटून घोटून पाठ केलेलं आपलं आपल्यालाही कळत नाही कुठे जाऊन बसतं.

बरं, यावर एक हमखास उत्तर येतं, ते आत्ताच निकालात काढते. 'मग हिरकणीचं काय?' दूध विकायला आलेली हिरकणी, गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. तिलाही समकालीन कागद नाही. तरी बुरुजाला तिचं नाव आहे, गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे, एसटीच्या हिरकणी गाड्या आहेत, स्टँडवर हिरकणी कक्ष आहे. तिला का नाही कोणी पुरावा मागत? चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर माझ्याच बाजूने जातं. हिरकणीची गोष्ट आपण गोष्ट म्हणूनच सांगतो. तिच्यावरून कोणी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहीत नाही. आणि त्या गोष्टीत कोणी मरत नाही! बाई जगते, बाळाला दूध पाजते, आणि राजा तिला शिक्षा न देता साडीचोळी देतो. निष्ठेवरच भाषण हवं असेल तर ही घ्या. मी भाचीला हीच लिहून दिली. (तिने वाघ्याचीच म्हटली, कारण हिरकणी आणखी चौघींनी घेतली होती. असो.)

आता आपल्या घराजवळचं. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला तेव्हापासून आपण कर्जत-खालापूरवाले पत्त्यात 'रायगड' लिहितो, पण तो गड आपल्यापासून केवढा लांब! खोपोली, पाली, कोलाड, माणगाव करत एसटीने जायचं तर दिवस जातो. आपल्या हाताशी जे आहे ते बघा. खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये महाराजांनी कारतलबखानाची अख्खी फौज तिथल्या जंगलात कोंडली आणि रायबागनने सल्ला दिला म्हणून खान शरण आला. परमानंदाच्या शिवभारतात ही लढाई सविस्तर आहे. पुरावा-पुरावा करणाऱ्यांना अस्सल पुरावा हवा तर तो इथे अर्ध्या तासावर आहे, आणि स्मारकही आहे. कर्जत तालुक्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात इंग्रजांच्या गोळ्यांनी पडले, कारण कोणीतरी त्यांचा ठावठिकाणा सांगितला. निष्ठा आणि फितुरी यांवर बोलायचं तर आपल्याच रानातली ही हकीकत घ्या. वाघ्यावर दोनशे मेसेज पाठवणाऱ्या आमच्या ग्रुपमधून आजवर उंबरखिंडीला किती जण गेले हे मी मोजलं. मी धरून तीन.

आणि कुत्र्यांचंच बोलायचं असेल तर चला, कुत्र्यांचं बोलू. कर्जतला नदीकाठी आणि डोंगराच्या पायथ्याशी फार्महाऊसेस झाली आहेत. शनिवारी गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी जातात. मागे कुत्रं राहतं. कोणी साखळीला बांधून जातं, शुक्रवारपर्यंत. कोणी गेटबाहेर सोडून जातं, कायमचं. चांगली विकतची कुत्री, लांब केसांची, आमच्या उन्हात धापा टाकणारी. त्यांना खायला घालते ती बंगल्याच्या मागे एका खोलीत राहणाऱ्या रखवालदाराची बायको, ठाकरवाडीतली नाहीतर कातकरवाडीतली, स्वतःच्या ताटातलं. एक असाच पांढरा कुत्रा आमच्याकडे आला, तो अंगणातल्या दोघांपैकी एक. गाडीचा आवाज आला की अजून उठून गेटपर्यंत जातो. तीन वर्षं झाली. त्याचा पुतळा कोणी करणार नाही, आणि करूही नये. त्याच्या मालकाला दंड मात्र व्हावा असं मला वाटतं. १९६० च्या प्राणी-क्रूरता कायद्यात पाळीव जनावर असं टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती लिहिला होता? दहा ते पन्नास रुपये. १९३६ साली दगडी कुत्र्याला पाच हजार, जिवंत कुत्रं टाकलं तर पन्नास.

२०२५ हे तर कमालच वर्ष होतं. मार्चपासून मे महिन्यापर्यंत महाराष्ट्र एका दगडी कुत्र्यासाठी भांडला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात टाका म्हटलं, आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलून नसबंदी-लसीकरण करून सोडा म्हटलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर वाघ्याचे भक्तच 'सगळी मारून टाका' लिहीत होते. मी स्क्रीनशॉट ठेवले आहेत. दाखवणार नाही, घरचीच माणसं आहेत.

पुन्हा पुतळ्याकडे. हटवावा का? नाही. शंभर वर्षं झाली की प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळू शकेल, म्हणून त्याआधी काढा, असाही एक मुद्दा मांडला गेला. मला हे उलटं दिसतं. १९३६ सालचा पुतळा हा १६८० चा पुरावा नाही, पण १९३६ चा पुरावा आहेच. त्या पिढीला महाराज कसे दिसत होते, पैसे कोणी दिले, का दिले, गुलामीत असलेल्या लोकांना निष्ठेची गोष्ट दगडात का हवीशी वाटली, हे सगळं त्या चौथऱ्यात आहे. तो काढला की एका खोट्या गोष्टीबरोबर एक खरी गोष्टही दरीत जाते. आणि तसाच ठेवला, काहीही न सांगता, तर दरवर्षी नवीन चौथी-पाचवीची मुलं तीच उडी डोळ्यांसमोर आणून रडत गड उतरणार. म्हणून मी पाटी मागते. पुरातत्त्व खात्याने लावावी, प्राधिकरणाने लावावी, दोघांनी भांडून लावावी, पण मोठ्या अक्षरात लावावी.

मजकूर मी लिहून ठेवला आहे, कोणाला हवा असेल तर घ्या, हक्क राखून ठेवलेले नाहीत:

'हा पुतळा १९३६ साली उभारला. त्यासाठी तुकोजीराव होळकर यांनी देणगी दिली. शिवाजी महाराजांच्या चितेत वाघ्या नावाच्या कुत्र्याने उडी घेतली ही लोकप्रिय कथा आहे. समकालीन साधनांत तिचा उल्लेख नाही. महाराजांच्या पत्नी पुतळाबाई २७ जून १६८० रोजी याच गडावर सती गेल्या. महाराजांचे नातू शाहू महाराज यांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी संगम माहुली येथे आहे.'

सहा वाक्यं आहेत. मामा म्हणाले, तिसरं काढ. आत्या म्हणाली, पाचवं काढ, मुलं काय विचारतील. कोणतंही काढणार नाही. कमेंटमध्ये भांडायला या, पण आधी सांगा, उंबरखिंडीला कधी जायचं? मी डबा आणते.